चौथ्या विषयाचा हप्ता

दहावीचा निकाल लागला की विज्ञान शाखेकडे वळणाऱ्या घरांत एकच प्रश्न फिरत राहतो: ग्रुप कोणता घ्यायचा? फिजिक्स-केमिस्ट्री ठरलेलंच असतं. त्यांच्या जोडीला गणित, बायोलॉजी, की दोन्ही? पीसीएम, पीसीबी, की पीसीएमबी? विचारताना लोक ‘किती विषय घ्यायचे’ असं विचारतात, पण राज्य मंडळाच्या बारावीत विषयांची संख्या मुळी मुलाच्या हातात नसतेच. इंग्रजी धरून सहा विषय आणि सहाशे गुण. पर्यावरण आणि शारीरिक शिक्षण हे श्रेणीपुरते. चारही घेणाऱ्याला सहा, तीन घेणाऱ्यालाही सहाच. फरक पडतो तो सहाव्या जागेवर काय बसतं यात. तिथे बायोलॉजी किंवा गणित बसू शकतं, नाहीतर भूगोल, मानसशास्त्र, आयटी यांतलं काहीतरी. बायफोकलवाल्याचं इलेक्ट्रॉनिक्स किंवा कॉम्प्युटर सायन्स तर दोनशे गुणांचं असतं आणि दुसऱ्या भाषेचीही जागा खातं. तेव्हा खरा निर्णय सहापैकी जड विषय किती, याचा आहे. माझं मत असं की चौथा जड विषय घ्यायला एक ठरावीक, नाव सांगता येईल असं कारण हवं. ‘पुढेमागे लागला तर’ हे कारण त्याला पुरत नाही. या मताला विरोध करणारे पालक घरोघरी आहेत आणि त्यांचं म्हणणं उडवून लावण्यासारखं नाही. म्हणून त्यांच्यापैकी एकाला इथे समोर बसवून बोलू देतो.

पालक म्हणतात, “अहो, पंधरा वर्षांच्या पोराला काय कळतं? आज डॉक्टर व्हायचं म्हणतो, दिवाळीनंतर कोडिंग करायचं म्हणतो. आत्ताच बायो सोडलं आणि उद्या मेडिकलला जावंसं वाटलं तर? गणित सोडलं आणि नीटमध्ये काही झालं नाही तर? दोन्ही हाताशी असले म्हणजे आपण निर्धास्त. नीट नाही जमली तर सीईटी देऊन इंजिनिअरिंगला जाईल. एक विषय जास्तीचा वाचला तर बिघडलं कुठं? डोकं काय झिजतंय?”

हे बोलणं विमा उतरवणाऱ्याचं आहे, आणि विमा उतरवण्यात गैर काही नाही. फक्त विमा फुकट मिळत नाही, त्याचा हप्ता भरावा लागतो, आणि हा हप्ता कशातून जातो ते कुणी पाहत नाही. २०२० साली आलेली बारावीची राज्य मंडळाची पुस्तकं घ्या. फिजिक्सची सोळा प्रकरणं, केमिस्ट्रीची सोळा, बायोलॉजीची पंधरा. गणिताचे दोन भाग, पहिल्यात सात आणि दुसऱ्यात आठ, म्हणजे पुन्हा पंधरा. पीसीएम घेतलं तर सत्तेचाळीस प्रकरणं होतात, पीसीबी घेतलं तरी सत्तेचाळीसच. चारही घेतले की बासष्ट. अकरावीची वेगळी, आणि सीईटीत अकरावीच्या अभ्यासक्रमाला साधारण वीस टक्के वजन असल्यामुळे तीही सुटत नाहीत. वर बायोलॉजीचं प्रॅक्टिकल, जर्नल, पेन्सिलीनं काढायच्या आकृत्या, स्पॉटिंग. आता दिवसाचे तास तर वाढत नाहीत. मग या पंधरा प्रकरणांचा वेळ येतो कुठून? मोबाईलच्या वेळेतून येईल ही आईबापांची आशा. प्रत्यक्षात तो येतो फिजिक्स आणि केमिस्ट्रीतून, कारण गणित रोज सोडवलं नाही तर हात बसत नाही आणि बायोलॉजी पाठ केल्याशिवाय राहत नाही. फिजिक्सचं मात्र ‘समजलंय, नंतर गणितं सोडवू’ असं म्हणून पुढे ढकलता येतं.

माझा सगळा युक्तिवाद इथेच अडकलेला आहे, म्हणून जरा थांबून आकडे पाहू. नीट ७२० गुणांची. तिच्यात बायोलॉजी ३६०, फिजिक्स १८० आणि केमिस्ट्री १८०. एमएचटी-सीईटी २०० गुणांची. पीसीबीत बायोलॉजीला १००, पीसीएममध्ये गणिताला १००, आणि दोन्हीकडे उरलेले शंभर फिजिक्स-केमिस्ट्रीचे. जेईई मेनचे ३०० गुण तिन्ही विषयांत सारखे वाटलेले, म्हणजे २०० या दोघांचे. कुठल्याही परीक्षेला बसा, किमान निम्मा पेपर या दोन विषयांचा आहे. चौथ्या विषयाचा हप्ता ज्या खात्यातून जातो, ते खातं डॉक्टरकीलाही लागतं आणि इंजिनिअरिंगलाही. दोन पर्याय खुले ठेवण्यासाठी घेतलेला विषय दोन्ही पर्यायांची सामाईक बाजूच कमजोर करतो. ‘एक गेला तर दुसरा आहेच’ हा हिशोब तेव्हाच खरा ठरेल, जेव्हा एकाचं अपयश दुसऱ्याला लागत नसेल. इथे ते लागतं. फिजिक्स कच्चं राहिल्यामुळे ज्याची नीट गेली, त्याची सीईटी फिजिक्सच्या जोरावर निघणार नाही.

“पण हे सामान्य मुलाचं झालं,” पालक म्हणतात. “आमच्या पोरीला दहावीला पंच्याण्णव टक्के आहेत. तिला चार विषय जड नाहीत. अशा मुलीला तीन विषयांत कोंडायचं म्हणजे तिच्यावर अन्याय नाही का?”

हुशार मुलीला चार विषय झेपतात, हे मान्य. बारावीला तिला चारही विषयांत नव्वदच्या घरात गुण मिळतील, हेही मान्य. पण ज्या रांगेत तिला उभं राहायचं आहे, तिथे ‘झेपणं’ हे मापच नाही. २०२४ साली नीटला २३ लाखांहून जास्त मुलं बसली आणि देशातल्या एमबीबीएसच्या जागा एक लाखाच्या थोड्याच वर होत्या. त्याच वर्षी जूनमध्ये निकाल लागला तेव्हा ६७ जणांना ७२० पैकी ७२० मिळाले होते. त्यांच्यातल्या ४४ जणांचे पूर्ण गुण फिजिक्समधल्या एकाच प्रश्नावर उभे होते. अणूबद्दलच्या विधानांचा तो प्रश्न. जुन्या पाठ्यपुस्तकाप्रमाणे एक उत्तर आणि नव्याप्रमाणे दुसरं, म्हणून दोन्ही ग्राह्य धरली गेली होती. सर्वोच्च न्यायालयाने दिल्लीच्या आयआयटीतल्या तज्ज्ञांना विचारायला लावलं, एकच उत्तर बरोबर ठरलं, आणि चार लाखांहून जास्त मुलांचे पाच-पाच गुण गेले. चार त्या उत्तराचे आणि एक चुकीचा. अंतिम यादीत पूर्ण गुणवाले १७ उरले. पेपरफुटी, वाढीव गुण हे सगळं त्या वर्षीचं वेगळं प्रकरण आहे आणि त्यावर लिहावं तितकं थोडंच. इथे सांगायचं इतकंच की या रांगेत एका प्रश्नाने हजारोंची उलथापालथ होते. पंच्याण्णव टक्केवाल्या मुलीची स्पर्धा तिच्यासारख्याच मुलींशी असते, आणि त्यांच्यातल्या बऱ्याच जणींनी गणित सोडून तो वेळ फिजिक्सच्या एमसीक्यूंना दिलेला असतो. त्यामुळे चौथ्या विषयाचा फटका हुशार मुलीलाच जास्त बसतो. साठ टक्क्यांच्या मुलाचे दहा गुण गेले तरी त्याचं कॉलेज सहसा फारसं बदलत नाही.

इथे पालक खिशातून वेळापत्रक काढतात. “सगळ्या परीक्षा वेगवेगळ्या दिवशी असतात. कुठे अडतं?” मीही तेच वेळापत्रक पुढे करतो. २०२५ साल घ्या. जानेवारीच्या शेवटच्या आठवड्यात जेईई मेनचं पहिलं सत्र, आणि त्याच दिवसांत मंडळाच्या प्रात्यक्षिक परीक्षा सुरू. ११ फेब्रुवारीपासून लेखी परीक्षा. एप्रिलच्या सुरुवातीला जेईईचं दुसरं सत्र, ९ तारखेपासून सीईटीचा पीसीबी गट, १९ पासून पीसीएम गट, आणि ४ मे रोजी नीट. पीसीएमबीवाल्या मुलाला यांतलं काहीच ‘चुकत’ नाही, हे खरं. सीईटीचे दोन्ही गट तो देऊ शकतो. पण एप्रिलमध्ये इंटिग्रेशनची सूत्रं, मे महिन्यात नीटसाठी एनसीईआरटीच्या बायोलॉजीची ओळ न ओळ, आणि मधल्या पंधरवड्यात दोन्ही, असं डोकं फिरवत राहणाऱ्या मुलाची उजळणी कशाची होते? परीक्षांना बसणं आणि परीक्षांची तयारी करणं या दोन गोष्टी आहेत. गंमत म्हणजे क्लासवाल्यांना हे पालकांपेक्षा आधी कळलेलं असतं. त्यांची नीटची बॅच वेगळी, जेईईची वेगळी, आणि दोन्हींची वेळ बहुधा एकच. मुलाने कॉलेजात चारही विषय घेतले असले तरी संध्याकाळी त्याला एकाच खोलीत बसावं लागतं. निवड टळत नाही. फक्त कॉलेजच्या अर्जावर ती दिसत नाही, क्लासच्या पावतीवर दिसते. मग उरलेला विषय बारावीच्या पेपरापुरता, गाइडावर, शेवटच्या महिन्यात काढायचा. ज्या विषयावर सगळी भिस्त ठेवून निर्धास्त व्हायचं, त्याचीच तयारी सगळ्यात कच्ची.

“बरं, ते असो,” पालक आता मुद्द्यावर येतात. “गणिताशिवाय फिजिक्स येतं का सांगा. आमच्या शेजारच्यांनी मुलाला गणित सोडायला लावलं आणि तो फिजिक्समध्ये रडतोय. बायोवाल्यालाही गणित हवंच. शिवाय एनडीए, आर्किटेक्चर, इकॉनॉमिक्स, कॉम्प्युटर, जिकडे तिकडे गणित विचारतात.”

सगळ्या आक्षेपांत मला हा सर्वांत वजनदार वाटतो, आणि तो अर्धा मान्य करायला हवा. गणिताची भीती वाटते म्हणून पीसीबी घेणारी मुलं बारावीच्या फिजिक्सच्या पहिल्याच प्रकरणात, रोटेशनल डायनॅमिक्समध्ये, त्याच गणिताला भेटतात आणि तिथून पळायला जागा नसते. गणित टाळायचं म्हणून बायोलॉजी घेणं हा मूर्खपणाच आहे. पण फिजिक्सला लागणारं गणित आणि बारावीचं गणित यांत बराच फरक आहे. सदिश, त्रिकोणमिती, लॉगॅरिदम, साधं डिफरन्सिएशन, थोडं इंटिग्रेशन एवढ्यावर नीटचं फिजिक्स चालतं, आणि राज्य मंडळाच्या अकरावीच्या फिजिक्सच्या पुस्तकात गणिती पद्धतींचं एक वेगळं प्रकरणच त्यासाठी दिलेलं आहे. मॅथेमॅटिकल लॉजिक, रेषांच्या जोड्या, लिनियर प्रोग्रॅमिंग, बायनॉमियल डिस्ट्रिब्यूशन हे नीटच्या फिजिक्समध्ये कुठे येत नाही. गरज महिना-दीड महिन्याच्या व्यवस्थित शिकवलेल्या गणिताची आहे. त्यासाठी पंधरा प्रकरणं आणि ऐंशी गुणांचा पेपर अंगावर घेणं म्हणजे फारच झालं. हे महिनाभराचं गणित फिजिक्सच्या शिक्षकांनीच शिकवायला हवं. बरेच जण ते ‘तुमचं गणितात होईल’ म्हणून सोडून देतात, आणि गणित नसलेला मुलगा तिथेच बसून राहतो. दोष आहे तो या सोडून देण्याचा. आणि एनडीए-आर्किटेक्चरचं म्हणाल, तर ते गणित घेण्याच्या बाजूचं म्हणणं आहे. चार विषयांच्या बाजूचं नाही. ज्याला खरोखर काहीच ठरवता येत नाही, त्याने पीसीएम घ्यावं असं मी म्हणेन, कारण गणिताने उघडणाऱ्या वाटा संख्येने जास्त आहेत आणि सुटलेलं गणित मागाहून एकट्याने पकडणं सुटलेल्या बायोलॉजीपेक्षा अवघड जातं.

“आणि सुटलेली बायोलॉजी? ती परत येते का?” येते, आणि ही बाब अजून पुष्कळ पालकांपर्यंत पोहोचलेली नाही. पूर्वी नीटसाठी अकरावी-बारावीत सलग दोन वर्षं बायोलॉजी शिकलेली असण्याची अट होती. ती अट खरोखर दरवाजा बंद करणारी होती, आणि पीसीएमबीचा मोह बऱ्याच अंशी तिच्यामुळे वाढला. नोव्हेंबर २०२३ मध्ये राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाने ती सैल केली: बारावी झाल्यावर बायोलॉजी किंवा बायोटेक्नॉलॉजी अतिरिक्त विषय म्हणून मान्यताप्राप्त मंडळातून उत्तीर्ण झालेल्यालाही नीटला बसता येतं. राज्य मंडळाकडे बारावी उत्तीर्ण विद्यार्थ्याने एखादा सुटा विषय घेऊन बसण्याची सोय आधीपासून आहे. मंडळाच्या भाषेत त्यांना ‘तुरळक विषय’ घेणारे म्हणतात. म्हणजे ज्या नुकसानभरपाईसाठी दोन वर्षं हप्ता भरायचा, ती गरज पडल्यावरही मिळू शकते. एक वर्ष जाईल, हे खरं. पण मेडिकलला जाणाऱ्या कितीतरी मुलांचं एक वर्ष रिपीट करण्यात जातंच. शिवाय बी. फार्मसीला गणित चालतं आणि बायोलॉजीही चालतं, बी. एस्सी. ॲग्रीला सीईटीचा कुठलाही गट चालतो. वाटा वाटतात तितक्या लवकर बंद होत नाहीत.

यानंतर पालक जे म्हणतात ते ऐकून मात्र माझा सूर खाली येतो. “तुम्ही पुण्या-मुंबईतलं बोलताय. आमच्याकडे तालुक्याला एक कॉलेज. तिथे आयटीला माणूस नाही, मानसशास्त्राचं नाव नाही. चार विषय आहेत ते घ्यायचे. आणि आमचं पोर एकदा चुकलं तर त्याला दुसरं वर्ष द्यायला आमच्याकडे पैसे नाहीत. आम्हाला विमा जास्त लागतो, कमी नाही.” पहिल्या भागावर माझ्याकडे उत्तर नाही. जिथे सहावा विषय शिकवायला शिक्षकच नाही, तिथे पीसीएमबी ही निवडच नसते, आणि अशा मुलाने चारही घेऊन मनाशी एक मुख्य नि एक पास होण्यापुरता असं ठरवून टाकावं. पस्तीस टक्क्यांना उत्तीर्ण होता येतं. दुसऱ्या भागाशी मात्र मी झगडेन. ज्याला दुसरी संधी परवडत नाही, त्याची पहिली संधी सर्वांत भक्कम असायला हवी. दोन अर्धवट तयाऱ्या त्यालाच सर्वांत महाग पडतात, कारण ‘रिपीटर बॅच’ची फी भरायला मागे कुणी नसतं. हप्ता भरण्याची ऐपत ज्याची कमी, त्याने तो विचार करूनच भरावा.

मग चार विषय कुणी घ्यावेत? घ्यावेत, आणि आनंदाने घ्यावेत, असे विद्यार्थी आहेत. ज्याला संशोधनाकडे जायचं आहे, पुण्याच्या आयसरसारख्या संस्थेत शिकायचं आहे, त्याच्या प्रवेश परीक्षेत बायोलॉजी, केमिस्ट्री, गणित आणि फिजिक्स यांचे प्रत्येकी पंधरा प्रश्न असतात. बारावीला तीन विषय असले तरी पात्रता मिळते, पण चौथ्या विषयाचे पंधरा प्रश्न सोडून देणं म्हणजे पाव पेपर सोडणं. जनुकांचा डेटा संगणकावर उलगडणारी माणसं, साथरोगांची गणितं मांडणारी माणसं बायोलॉजी आणि गणित यांच्या सीमेवरच काम करतात. ज्या मुलीला आनुवंशिकतेच्या प्रकरणातली प्रमाणं आणि गणितातली संभाव्यता एकच गोष्ट आहे हे स्वतःहून दिसतं, तिला तीन विषयांत बसवू नये. तिच्याकडे कारण आहे.

याच धाग्यावर पालक शेवटचा मोठा मुद्दा टाकतात: “नवं धोरण तर म्हणतं की मुलांना विविध विषय द्या. तुम्ही उलटे निघालात.” २०२३ चा राष्ट्रीय अभ्यासक्रम आराखडा अकरावी-बारावीला दोन भाषा आणि निदान दोन वेगवेगळ्या गटांतले विषय घ्यायला सांगतो, हे बरोबर. पण त्यातली विविधता म्हणजे विज्ञानासोबत इतिहास, अर्थशास्त्र, चित्रकला. पीसीएमबी ही विविधता नव्हे. एकाच गटातल्या चार विषयांनी सगळी जागा अडवल्यावर विविधता बसणार कुठे? सहा विषयांत इंग्रजी नक्की, चार विज्ञानाचे, म्हणजे उरली एक जागा, आणि तिथेही मराठीऐवजी आयटी घे, मार्क निघतात, असं सांगणारे शेजारीपाजारी कमी नाहीत. आपण मराठी भाषेच्या भवितव्यावर परिसंवाद भरवतो आणि बारावीच्या अर्जात तिच्यावर पहिली काट मारतो, ते एक असोच. चौथ्या विज्ञान विषयाची जागा मोकळी करून तिथे भूगोल किंवा मानसशास्त्र घेणारा मुलगा त्या आराखड्याच्या जास्त जवळ आहे. ‘स्कोरिंग’ म्हणून नाक मुरडायचं कारण नाही. आयआयटी-एनआयटीच्या प्रवेशाला बारावीच्या पाच विषयांत मिळून ७५ टक्के किंवा आपल्या मंडळातल्या वरच्या वीस टक्क्यांत स्थान लागतं. फिजिक्स, केमिस्ट्री, गणित, एक भाषा आणि आणखी एक विषय असे ते पाच. तो ‘आणखी एक’ हलका असला तर मुलाला श्वास घ्यायला जागा मिळते.

“सगळे घेतात म्हणून” या कारणावर वेळ घालवत नाही.

“ठीक आहे,” पालक म्हणतात, “पण क्लासची दोन वर्षांची फी भरून झाली आहे, चारही विषय धरून. आता काय करू?” फी गेली. ती मुलगा चार विषय शिकला तरी परत येत नाही आणि तीन शिकला तरी येत नाही, म्हणून निर्णयातून ती वजा करा. अकरावीची परीक्षा कॉलेजची असते, मंडळाची नाही. तेव्हा पहिल्या सत्राचे पेपर घरी आणून टेबलावर पसरा. गुण बघू नका, फिजिक्समधले कुठले प्रश्न सोडलेत ते बघा. मग मुलाला विचारा, की बायोलॉजी आणि गणित यांतलं एक उद्यापासून बंद झालं तर कुठल्याचं वाईट वाटेल. तो झटकन उत्तर देईल. बहुतेक मुलांना ते ठाऊक असतं, कुणी विचारलेलं नसतं. त्यानंतर कॉलेजच्या ऑफिसात जाऊन विषय बदलता येतो का, कोणत्या तारखेपर्यंत, आणि मंडळाची परवानगी लागते का, हे लेखी विचारून घ्या. क्लासवाल्याला नंतर भेटा. तो आधी भेटला तर बॅच बदलण्याऐवजी तिसरीच एखादी बॅच गळ्यात मारेल.